जुनं विमान, बिझनेस क्लासचं तिकीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग, सोल, टोकियो. पूर्वेकडे बिझनेस क्लासने निघालेल्या माणसाला विमानात पाऊल टाकल्यावर कधीकधी कळतं की जाहिरातीतली ती दारवाली छोटी खोली दुसऱ्याच विमानात आहे. खालचे प्रश्न बहुतेकदा त्यानंतर विचारले जातात. तिकीट काढण्याआधी वाचलेत तर जास्त कामाला येतील.

"जुनं विमान" म्हणजे नेमकं कोणतं?

आशियात सध्या जुनं म्हणून जे वाट्याला येतं ते बहुतेक वेळा एअरबस ए३३० किंवा बोइंग ७७७ असतं. ए३३०-३०० प्रवासी सेवेत आलं जानेवारी १९९४ मध्ये, ७७७ त्याच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये आणि सगळ्यांच्या ओळखीचं लांबलचक ७७७-३००ईआर २००४ साली.

७४७ चा जमाना मात्र जवळजवळ संपला. जपान एअरलाइन्सने २०११ मध्ये, सिंगापूर एअरलाइन्सने २०१२ मध्ये, ऑल निप्पॉनने २०१४ मध्ये आणि कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबर २०१६ मध्ये आपली प्रवासी ७४७ थांबवली. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं निघालं आणि जाताना पंख हलवून गेलं. एअर चायना आणि कोरियन एअर यांच्याकडे नंतरची ७४७-८ आहेत, तेवढीच काय ती आशा.

ए३८० ला जुनं म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्याचं पहिलं प्रवासी उड्डाण २५ ऑक्टोबर २००७ चं, सिंगापूर ते सिडनी. उत्पादन २०२१ मध्ये बंद झालं आणि सिंगापूर एअरलाइन्सची अगदी सुरुवातीची ए३८० केव्हाच भंगारात निघाली.

विमान जुनं म्हणजे सीटही जुनी का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. विमानाचा सांगाडा एका वयाचा असतो, आतली केबिन दुसऱ्या वयाची. ऑल निप्पॉनने २०१९ मध्ये आपली "द रूम" ही ऐसपैस सीट आणली ती ७७७-३००ईआर मध्येच. कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबर २०२४ मध्ये "आरिया स्वीट" आणलं, तेही नव्या विमानात नाही, त्याच जुन्या ७७७-३००ईआर मध्ये.

उलटंही होतं. "७८७ आहे ना, मग नवंच असणार" असं म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ. एअर इंडियाला पहिलं ७८७-८ सप्टेंबर २०१२ मध्ये मिळालं. त्या तुकडीतल्या विमानांची मूळ बिझनेस केबिन २-२-२ मांडणीची, म्हणजे एका रांगेत दोन-दोन सीटच्या तीन जोड्यांची आहे आणि नूतनीकरणासाठी त्यातलं पहिलं विमान कॅलिफोर्नियाला रवाना झालं ते थेट जुलै २०२५ मध्ये. तेव्हा विमानाचं नाव विचारू नका, केबिन कधी बदलली ते विचारा.

कंपन्या इतकी जुनी विमानं अजून का उडवतात?

कंजूसपणा हे अर्धंच कारण. ७७७ ची जागा घेणार असलेल्या ७७७एक्सने पहिलं उड्डाण जानेवारी २०२० मध्ये केलं, पण ते विमान कंपन्यांच्या हाती देण्याची तारीख सरकत सरकत २०२७ वर गेली आहे. एमिरेट्स, कॅथे, सिंगापूर, ऑल निप्पॉन, कोरियन एअर या सगळ्यांनी ते मागवून ठेवलंय. नवरदेवच आला नाही तर मांडव किती दिवस ठेवायचा, म्हणून जुन्या ७७७ ची डागडुजी चालू आहे. त्यात नव्या सीट वेळेवर मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांना सुरक्षेची मान्यता मिळायला वेळ लागतो.

जुन्या सीटचे प्रकार कोणते? फोटोवरून कळतात का?

फोटोवरून नेहमी कळत नाहीत, कारण फोटो वरून काढतात आणि उतार दिसतो बाजूने.

सर्वात साधी ती नुसती मागे कलणारी सीट. ऐसपैस, पाय टेकायला पाटी, पण झोप बसूनच. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती खोटं बोलत नाही.

खरा घोळ आहे तो तिरक्या सपाट सीटचा. पाठ, बूड आणि पाय एका रेषेत येतात, पण ती रेष जमिनीला समांतर नसते. डोकं वर, पाय खाली. २००२ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सची "स्पेसबेड" आणि जपान एअरलाइन्सची "शेल फ्लॅट" आली तेव्हा या सीट म्हणजे चैनीची कमाल होती. ब्रिटिश एअरवेजने मात्र २००० मध्येच पूर्ण आडवी सीट आणली होती, त्यामुळे बाकीच्यांना पुढे तिच्याच मागे धावावं लागलं. तिरकी सीट जाहिरातीत "सपाट" म्हणूनच येते, कारण शब्दाच्या अर्थाने ती सपाट असते. घसरगुंडीही सपाटच असते.

घसरण्याबद्दल एक गंमत. सरळ उडतानाही विमानाचं नाक दोन-तीन अंश वर असतं, त्यामुळे तिरक्या सीटचा उतार थोडा कमी होतो. विमान खाली यायला लागलं, नाक झुकलं, की तो फायदा जातो आणि झोपलेला माणूस हळूहळू पायाकडे गोळा व्हायला लागतो. उपाय असा: सीट पूर्ण आडवी करूच नका. पाठ बरीच मागे, गुडघ्याखाली घडी घातलेलं पांघरूण आणि पायाच्या टोकाला जास्तीची उशी. एवढ्यावर चार तास निभतात.

तिसरी पूर्ण आडवी होणारी सीट. तिच्यातही जुन्या धाटणीच्या आहेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआर मधली रुंद सीट बटण दाबून आडवी होत नाही. उठून उभं राहायचं, पाठीचा भाग पुढे पालथा करायचा, मग मागून बिछाना निघतो. पाय कोपऱ्यातल्या खोबणीत जातात, म्हणून झोपायचं तिरकं. क्रूला सांगितलं की ते करून देतात. लाजू नका, मीही पहिल्यांदा बटण शोधत बसलो होतो.

२-३-२, २-२-२, १-२-१ हे आकडे काय सांगतात? कोणती सीट घ्यावी?

एका रांगेत डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे किती सीट आहेत ते. १-२-१ मध्ये प्रत्येकाला थेट मार्गिका मिळते, तिथे डोकं खाजवायची गरज नाही.

२-२-२ मध्ये एकटे असाल तर मधल्या जोडीतली सीट घ्या. तिथे दोघांनाही आपापली मार्गिका असते, कोणी कोणाला ओलांडत नाही. खिडकीचा मोह आवरा. रात्रीच्या प्रवासात खिडकीबाहेर अंधार असतो आणि शेजारी झोपलेल्या अनोळखी माणसाच्या पायांवरून उडी मारावी लागते. दोघे सोबत असाल तर मात्र खिडकीकडची जोडी तुमचीच.

२-३-२ मध्ये मधल्या तिघांतली मधली सीट म्हणजे बिझनेस क्लासच्या पैशांत शिक्षा. एकट्याने मधल्या गटातली कडेची सीट घ्यावी. कारण साधं आहे: खिडकीवाल्याला बाहेर पडायला एकच वाट असते, ती त्याच्या शेजाऱ्यावरून. मधल्या माणसाला मात्र दोन वाटा असतात, म्हणजे तुमच्यावरून तो सरासरी निम्म्याच वेळा जाईल.

पण नुसत्या आकड्यांवरही जाऊ नका. जपान एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआर मधली "स्काय स्वीट" केबिन २-३-२ च आहे, तरी सीट अशा पुढेमागे बसवल्यात की प्रत्येकाला स्वतःची वाट मिळते. आकडा तोच, अनुभव जमीन-अस्मानाचा.

तिकीट काढण्याआधी कसं ओळखायचं?

उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा छोटा संकेत असतो. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७७एल म्हणजे ७७७-२००एलआर, ३३३ म्हणजे ए३३०-३००, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ७८९ म्हणजे ७८७-९. त्यानंतर सीटचा नकाशा उघडा आणि बिझनेसची एक रांग मोजा. एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या विमानात दोन-तीन केबिन असतात, त्यामुळे संकेतापेक्षा नकाशा खरं बोलतो. कॅथे पॅसिफिकने आशियातल्या आशियात फिरणाऱ्या विमानांसाठी लांबच्या प्रवासापेक्षा वेगळी, साधी बिझनेस सीट ठेवलेली आहे. नाव तेच, क्लास तोच.

त्याच मार्गावर दिवसाला तीन उड्डाणं असतील तर तिन्हींचे नकाशे बघा. सकाळच्या उड्डाणात जुनी सीट आणि रात्रीच्या उड्डाणात नवी, असं सर्रास असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा नकाशा उघडा. तुमची ४ए सीट अचानक ११ए झाली असेल तर विमान बदललंय.

ऐनवेळी विमान बदललं तर भरपाई मिळते का?

क्लास तोच राहिला तर सहसा नाही. वाहतुकीच्या अटींत कंपनी क्लासचं वचन देते, विमानाचं किंवा सीटच्या नमुन्याचं नाही. तारीख फुकट बदलून मागायला हरकत नाही. नम्रपणे, लवकर आणि काउंटरवर न मागता फोनवर मागितलं तर कधीकधी मिळते.

बिझनेसमधून खाली उतरवलं तर गोष्ट वेगळी. भारताच्या डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्याहून लांबच्या प्रवासाला ७५ टक्के, करासकट. देशांतर्गत प्रवासात सरसकट ७५ टक्के. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

जुनं विमान सुरक्षित असतं का?

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. विमानाचं वय वर्षांत मोजू नका, उड्डाणांत मोजा. दर उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, उतरताना सुटतो, म्हणजे सांगाडा एकदा फुगतो आणि एकदा बसतो. धातू थकतो तो या फुगण्या-बसण्याने. १९८८ मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छप्पर आकाशात उडालं, तेव्हा ते विमान १९ वर्षांचं होतं, पण बेटाबेटांमधली ८९,००० हून जास्त उड्डाणं त्याच्या खात्यावर होती. लांब पल्ल्याचं विमान दिवसाला दोन उड्डाणं करतं असं धरलं तरी २० वर्षांत आकडा जातो १४,६०० वर.

आशियातल्या दोन मोठ्या अपघातांकडे पाहिलं तर खरी भीती कुठे असायला हवी ते कळतं. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं ७४७ कोसळलं, ५२० माणसं गेली, चार वाचली. कारण सात वर्षं जुनं होतं: १९७८ मध्ये ओसाकाला त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि मागच्या दाबभिंतीची, म्हणजे केबिनमधला दाब आत धरून ठेवणाऱ्या भिंतीची दुरुस्ती चुकीची झाली होती. २५ मे २००२ ला तैपेहून हाँगकाँगला निघालेलं चायना एअरलाइन्सचं ६११ क्रमांकाचं ७४७ हवेतच तुटलं, २२५ माणसं गेली. तिथेही मूळ होतं १९८० मध्ये हाँगकाँगला शेपटी घासल्यावर झालेली अर्धवट दुरुस्ती. बावीस वर्षं ती चूक पत्र्याखाली वाढत राहिली. दोन्ही वेळा मारलं ते वयाने नाही, वाईट कामाने आणि ते न दिसण्याने.

जपान एअरलाइन्सने त्या विमानाचे अवशेष, ती फाटलेली दाबभिंतसुद्धा, हानेदा विमानतळाजवळच्या आपल्या सुरक्षा केंद्रात मांडून ठेवलीय. म्हणून कंपनीची देखभाल कशी आहे ते बघा. मळलेला गालिचा आणि सैल झालेला हात-टेका यांवरून इंजिनाचा अंदाज बांधू नका. ती खाती वेगळी.

जुन्या विमानातून उतरल्यावर जास्त थकायला का होतं?

यात मनाचे खेळ नाहीत. ॲल्युमिनियमच्या विमानांत केबिनमधला दाब कमाल ८,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीइतका विरळ होऊ शकतो. उटीपेक्षाही थोडं वर. ७८७ आणि ए३५० चं शरीर कार्बनच्या संमिश्राचं असल्याने जास्त दाब पेलतं, तिथे हा आकडा ६,००० फुटांच्या आसपास राहतो. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जरासा वर, म्हणा. शिवाय धातूला गंज नको म्हणून जुन्या विमानातली हवा फार कोरडी ठेवतात. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, नाकाला आतून पेट्रोलियम जेली लावा, आणि फुकट मिळते म्हणून तिसरी वाइन घेऊ नका.

आवाज किती असतो?

पंखाच्या पुढे बसाल तर कमी. ७७७-३००ईआरचं जीई९० इंजिन हे प्रवासी विमानांतल्या सर्वात ताकदवान इंजिनांपैकी एक आहे आणि उड्डाणाच्या वेळी ते स्वतःची ओळख करून देतं. पहिल्या दोन-तीन रांगांत तेच इंजिन लांबून वाजल्यासारखं वाटतं. मात्र पहिल्याच रांगेत बाळाचा पाळणा लावायची जागा असते आणि पुढे स्वयंपाकाचा कक्ष. भांड्यांचा आवाज इंजिनापेक्षा जास्त जागं ठेवतो.

चार्जिंगची सोय असते का?

असते, पण भरवसा नको. जुन्या सॉकेटची ताकद कमी असते. मोठा लॅपटॉप जोडला की दिवा विझतो. यूएसबी असेल तर जुना, संथ. सैल झालेल्या सॉकेटमधून प्लग गळून पडतो, तो उशीने दाबून धरावा लागतो.

पूर्वी यावर पॉवर बँक हा उतारा होता. तो आता आशियात जवळजवळ बंद झालाय. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला जमिनीवर असताना आग लागली, त्यानंतर नियम आवळले गेले. थाई एअरवेजने मार्च २०२५ पासून, सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून आणि हाँगकाँगच्या कंपन्यांनी ७ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं. सोबत नेता येते, वापरता येत नाही. तेव्हा सगळं घरूनच भरून निघा.

स्वतःचे हेडफोन चालतील?

ब्लूटूथ विसरा. जुन्या हात-टेक्यात दोन छिद्रांचा जॅक असतो, त्याचा छोटा ॲडॉप्टर आणि तारेचे हेडफोन न्या. स्क्रीन अंधूक असते, त्यामुळे दोन सिनेमे फोनवर उतरवून ठेवलेले बरे. वाय-फाय नसेलच असं समजून कामं आटपा.

सीट बिघडली तर?

जुन्या विमानात हा प्रसंग येतोच. एकदा पहाटे उतरायच्या अर्धा तास आधी माझी सीट आडवी अडकली. उतरताना पाठ सरळ असणं सक्तीचं, आणि मी शवासनात. क्रूमधली एक मुलगी टॉर्च तोंडात धरून सीटखाली शिरली आणि तिने कुठलातरी पट्टा ओढला, तशी सीट धाडकन उभी राहिली, मीही. तो पट्टा म्हणजे हाताने सोडवायची कळ. विजेवर चालणाऱ्या बहुतेक सीटना ती असते, पण ती क्रूनेच ओढावी.

चढल्याबरोबर, दारं बंद व्हायच्या आत, सीट पूर्ण आडवी करून पुन्हा सरळ करून बघा. दिवा, स्क्रीन, सॉकेट तपासा. काही बंद असेल तर तेव्हाच सांगा. सीटची वीज बंद करून चालू केली की अर्धे आजार बरे होतात, आणि नाही झाले तर त्या वेळी दुसरी सीट शिल्लक असू शकते. नंतर तक्रार करायची असेल तर क्रूला नोंद करायला सांगा आणि फोटो काढून ठेवा.

शाकाहारी जेवणाचं काय?

"हिंदू मील" घेऊ नका. त्यात मांस असतं, फक्त गोमांस नसतं. शाकाहारी हवं असेल तर एव्हीएमएल, जैन हवं असेल तर व्हीजेएमएल हा संकेत निवडा, तोही निदान २४ तास आधी. रात्रीच्या उड्डाणात जेवण न घेता सरळ झोपायचं असेल तर चढतानाच सांगा, म्हणजे ट्रे घेऊन कोणी उठवणार नाही.

आई-बाबांना पहिल्यांदाच बिझनेसने नेतोय. जुनं विमान चालेल?

तिरकी सीट असेल तर मी टाळेन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या सीटमधून उठणं जड जातं आणि रात्री दोनदा बाथरूमला जाताना कोणाचे तरी पाय ओलांडणं त्याहून जड. २-२-२ असेल तर मधली जोडी त्यांना द्या, तुम्ही खिडकीकडे जा. सीटची बटणं विमान हलण्याआधी दोघांकडून एकदा दाबून घ्या. आई "मला नाही येत" म्हणून रात्रभर ताठ बसून राहील, हे तुम्हालाही माहीत आहे.

मग अशा विमानासाठी पैसे किंवा माइल्स (विमान कंपनीकडे जमवलेले पॉइंट) घालावेत का?

दिवसाचं उड्डाण, पाच-सहा तास: जुनी सीटही चालते. जागा आहे, जेवण आहे, लाउंज आहे. रात्रीचं उड्डाण आणि तिरकी सीट: मी नाही घालणार, त्यापेक्षा दुसऱ्या वेळेचं उड्डाण शोधेन. जुनी पण पूर्ण आडवी सीट, २-२-२, मधली जोडी: बिनधास्त घ्या, झोप लागली की केबिनचं वय कोण बघतंय. माइल्स फक्त चांगल्या केबिनवर खर्च करा, कारण जुन्या आणि नव्या सीटला माइल्स बहुधा सारखेच कापले जातात.

जुन्या विमानात काही चांगलं असतं का?

असतं ना. खिडकीची पट्टी. ७८७ मध्ये पट्टी नाही, काच बटणाने निळी-काळी होते, पण पूर्ण काळी होत नाही आणि क्रू ती स्वतःकडून बंदही करू शकतो. जुन्या विमानात प्लॅस्टिकची पट्टी खाली ओढली की ठार काळोख. आणि पहाटे टोकियोच्या बाजूला उतरताना, बाकी केबिन झोपलेली असताना, तीच पट्टी बोटभर वर सरकवून कोणाची परवानगी न घेता बाहेर बघता येतं.